कॅलिफोर्नियातल्या रायफली, माशाचा पर आणि रेंजवरचे विनोद

मिल्पिटासकर

बरेच दिवस या मंचावर हा धागा काढायचं मनात होतं. गेली सात वर्षं मी साधारण पंधरवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, नेमबाजीच्या रेंजवर जातो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर पहिली रायफल घेतली. (एच-वन व्हिसावर असलेल्यांसाठी: शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. मित्राने कितीही आग्रह केला तरी या भानगडीत पडू नका.) तिथे बंदुकीच्या जळलेल्या दारूचा वास जितका असतो तितकेच विनोद असतात, आणि जवळजवळ सगळे आमच्या राज्याच्या रायफल-कायद्यावर.

गेल्या शनिवारी शेजारच्या लेनवर पन्नाशीचा एक गृहस्थ एआर-१५ घेऊन बसला होता. या रायफलीला एरवी पिस्तुलासारखी खाली उतरणारी मूठ असते. त्याच्या रायफलीला त्या जागी प्लॅस्टिकची चपटी पट्टी होती, शार्कच्या पाठीवर असतो तशा पराच्या आकाराची. त्या पट्टीमुळे अंगठा पलीकडे वळवून मूठ आवळता येत नाही. अंगठा आणि बोटं एकाच बाजूला ठेवायची, पंजाने फळी दाबून धरावी तशी, आणि तर्जनी ताणून चापापर्यंत न्यायची. मी विचारलं, मनगट दुखत नाही का? तो म्हणाला, "हा मासा आहे. याची रायफल व्हायला नेव्हाडा राज्याची हद्द ओलांडावी लागते." आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येते, अशा अर्धस्वयंचलित रायफलीबद्दल हे सगळं आहे. तिचं मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) सहज निघत असेल, तर कॅलिफोर्नियात तिला पुढच्यापैकी एकही गोष्ट असून चालत नाही: खाली उतरणारी पिस्तूल-मूठ, अंगठा घालायचं भोक असलेला दस्ता (खांद्याला टेकवायचा भाग), घडी होणारा किंवा पुढेमागे सरकणारा दस्ता, पुढच्या हातासाठी मूठ, नळीच्या तोंडाशी ज्वाळा दडवणारं नळकांडं, आणि ग्रेनेड किंवा फ्लेअर फेकायची सोय. यातलं एक जरी असलं की ती 'असॉल्ट वेपन', आणि नसलं की साधी रायफल. गोळी तीच, वेग तोच. म्हणून लोक पर बसवतात.

दुसरा मार्ग म्हणजे मॅगझिनच पक्कं करून टाकायचं. यावरून 'बुलेट बटन'चं प्रकरण झालं. आधीच्या नियमानुसार मॅगझिन काढायला हत्यार लागत असेल तर ते 'सुटं' धरत नसत, आणि नियमातच लिहिलं होतं की काडतूस हेही हत्यार समजावं. झालं! मॅगझिनचं बटण खोलगट केलं, बोट आत जाईना, काडतुसाचं टोक मात्र बरोबर जाई. रेंजवरचा जुना विनोद असा की जगात गोळीचा सरकारमान्य उपयोग किल्ली म्हणून फक्त कॅलिफोर्नियात होतो. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोत गोळीबारात १४ माणसं मारली गेली, आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने हे बटण बंद केलं. १ जानेवारी २०१७ पासून 'पक्कं' म्हणजे रायफलीची यंत्रणा उघडल्याशिवाय न निघणारं.

आणि तिसरी तऱ्हा आमच्या रेंजवरच्या एका आजोबांची. त्यांच्याकडे रुगरची मिनी-१४ आहे, लाकडी दस्त्याची. शेतावर कोल्हे हाकायला न्यावी अशी दिसते. तीही अर्धस्वयंचलित, तिचंही मॅगझिन निघतं आणि ती एआर-१५चीच .२२३ मापाची गोळी मारते. तिला पर लागत नाही, काहीच लागत नाही. आजोबा म्हणतात, "माझ्या बंदुकीला लाकूड लावलंय, म्हणून ती सुसंस्कृत."

या विनोदांमध्ये खोटं काहीच नाही, आणि नेमकं तेच मला सलतं. कारण हा कायदा कुठून आला ते मला ठाऊक आहे. १७ जानेवारी १९८९. स्टॉकटन, आमच्यापासून दीड तासावर. क्लीव्हलँड प्राथमिक शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत एक माणूस चिनी बनावटीची एके-४७ धर्तीची रायफल घेऊन शिरला. पाच मुलं गेली, सहा ते नऊ वर्षांची. तीसेक जण जखमी झाले. गेलेली पाचही मुलं कंबोडिया आणि व्हिएतनाममधून जीव वाचवून आलेल्या घरांतली होती. त्याच वर्षी या रायफलींवर बंदी घालणारा रॉबर्टी-रूस कायदा झाला, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा अशा प्रकारचा पहिला. सही करणारे गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन रिपब्लिकन होते, हे आज इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

पण कायदा लिहिताना काय केलं? रायफलींची नावं लिहिली. पन्नासहून जास्त मॉडेलांची यादी. कंपन्यांनी नाव बदललं, तीच वस्तू पुन्हा दुकानात. मग १९९९ साली नावांच्या जोडीला वर सांगितलेली लक्षणं लिहिली, तेव्हा पर आला. मग बटण, मग बटणावर बंदी. मला वाटतं, त्या पाच मुलांच्या नावाने केलेला कायदा इतका तकलादू नको होता. रेंजवर लोक हसतात तेव्हा तो कुठे गळतो ते अगदी नेमकं सांगत असतात, आणि कायदा करणाऱ्यांनी ते लिहून घ्यायला हवं.

आणखी एक गोष्ट आहे, ती खाली प्रतिसादात लिहीन. तुमचे अनुभव सांगा. टेक्सासवाले आणि न्यू यॉर्कवाले, दोघेही.

ह्यूस्टनवासी

धागा आवडला. मी सॅन होझेत नऊ वर्षं होतो, २०२१ला ह्यूस्टनला आलो. आल्यावर पहिल्या रविवारी गॅरेजमध्ये बसून पर काढला आणि साधी मूठ लावली. एक स्क्रू. हातात तोच स्क्रू-ड्रायव्हर, तीच रायफल, तोच मी. कॅलिफोर्नियात हेच केलं असतं तर गुन्हा दाखल झाला असता आणि इथे शेजारी लिंबू सरबत घेऊन बघायला आला. ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगत नाही. सरळमार्गी माणसाला असं वागवलं की त्याचा कायद्यावरचा विश्वासच उडतो, आणि तो परत येत नाही.

होडीचा विनोद राहिला की! नव्या लोकांसाठी: बंदूकवाल्याला कुणी विचारलं, "तुझ्याकडे किती आहेत?" तर उत्तर ठरलेलं: "होत्या बऱ्याच. तळ्यावर गेलो, होडी उलटली, सगळ्या बुडाल्या." बुलेट बटनवाल्या रायफलींची नोंदणी जून २०१८च्या अखेरपर्यंत करायची होती, तेव्हा आमच्या रेंजवर दर आठवड्याला एक होडी बुडायची. त्या हसण्यामागे भीती होती. आज यादीत नाव घातलं तर उद्या दारात कोण उभं राहील, ही भीती. मी नोंदणीच्या भानगडीत न पडता पर बसवून मोकळा झालो, पण ज्यांनी नोंदणी केली त्यांची धाकधूक मी जवळून पाहिली आहे.

चौकसबुद्धी

वाचतेय. एक प्रश्न: मॅगझिनमध्ये १० गोळ्यांची मर्यादा ऐकून आहे. तीही अशीच दिखाऊ आहे का?

नेपरविलवासिनी

मी लिहू की नको असा विचार करत होते. लिहिते.

४ जुलै २०२२. संध्याकाळी आमच्याकडे १२ जण जेवायला होते, मी सकाळीच वड्यांचं सारण करायला घेतलं होतं. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजायला लागले. शिकागोजवळचं हायलंड पार्क आमच्यापासून गाडीने तासाभरावर. तिथल्या स्वातंत्र्यदिनाच्या परेडवर छतावरून गोळीबार झाला. सात माणसं गेली, कितीतरी जखमी. दोन वर्षांच्या एका मुलाचे आई आणि वडील दोघेही गेले. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि खुर्चीवर उभी राहून मला कोथिंबीर निवडून देत होती. मी गॅस बंद केला आणि खाली बसले.

तिच्या शाळेत वर्षातून ठरलेल्या दिवशी सराव असतो. दिवे बंद करायचे, दारापासून दूरच्या कोपऱ्यात सगळ्यांनी चिकटून बसायचं, आवाज करायचा नाही. घरी येऊन मला म्हणाली, "आई, मी शिंक दाबून ठेवली." मी पुण्यात लहानाची मोठी झाले. आम्हाला शाळेत आग लागली तर काय करायचं एवढंच शिकवलं होतं.

त्याच ऑगस्टमध्ये आमच्या नेपरविलच्या नगरपरिषदेने अशा रायफलींची शहरातल्या दुकानांतली विक्री बंद करायचा ठराव केला. त्या रात्री मी सभागृहात मागे उभी होते. बोलायचं धाडस झालं नाही, पण शेवटपर्यंत उभी होते. जानेवारी २०२३ मध्ये इलिनॉय राज्याचाच कायदा आला. त्यावर दावे झाले, त्यातला एक आमच्याच गावच्या दुकानदाराचा. केंद्रीय अपील न्यायालयाने (सातवं सर्किट) नोव्हेंबर २०२३ मध्ये कायद्याला स्थगिती द्यायला नकार दिला.

मिल्पिटासकर, तुमचं म्हणणं मला समजतं. मूठ काढून पर लावल्याने काही थांबत नसेल तर मलाही तो कायदा नको, मला थांबवणारा कायदा हवा आहे. ह्यूस्टनवासी, तुम्हाला दारात पोलीस उभे राहतील याची भीती वाटते हे मी मान्य करते. मला वर्गाच्या दारात कोण उभं राहील याची वाटते.

ह्यूस्टनवासी

नेपरविलवासिनी, शिंकेचं वाचून थांबलो. माझी दोन्ही मुलं असाच सराव करतात, इथे टेक्सासमध्येही. उवाल्डीच्या शाळेतलं हत्याकांड आमच्याच राज्यात झालं, तुमच्या त्या ४ जुलैच्या जेमतेम सहा आठवडे आधी. १९ मुलं आणि दोन शिक्षिका. इथे पर नाही, बटण नाही, काही नाही. मला उत्तर माहीत आहे असा माझा दावा नाही.

वकील_ठाणे

मूळ मुद्द्यावर येतो. कायदा दिसण्यावर का गेला, याचं कारण मूर्खपणा नाही, राजकारण आहे. अर्धस्वयंचलित यंत्रणा शिकारीच्या असंख्य रायफलींत आहे. 'यंत्रणा बंद' असं लिहिलं की पेनसिल्व्हेनिया ते माँटाना शिकारी रस्त्यावर. म्हणून १९९४च्या केंद्रीय कायद्यात दोन लक्षणांची कसोटी घातली आणि शेपटाला सुमारे ६५० मॉडेलांची यादी जोडली, की या बंदुकांना हात लावणार नाही. कंपन्यांनी संगिनीची खुंटी कापली, ज्वाळा दडवणारं नळकांडं काढलं आणि विक्री चालू ठेवली. दहा वर्षांची मुदत होती, १३ सप्टेंबर २००४ला तो कायदा आपोआप संपला.

याच्या उलट २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ॲटर्नी जनरल मॉरा हीली यांनी सूचना काढली की बाहेरून काय कापलंय ते आम्ही बघणार नाही, आतली यंत्रणा बंदी असलेल्या रायफलीसारखीच चालते का ते बघू. बंदूकवाल्यांना हा मोठा अन्याय वाटला. पण तर्काच्या दृष्टीने तुमच्या आजोबांच्या लाकडी दस्त्याच्या प्रश्नाला भिडायचा प्रयत्न तिथेच झाला.

न्यायालयात गाडं अडकलंय. जून २०२१ मध्ये सॅन डिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी कॅलिफोर्नियाची रायफलबंदी घटनाबाह्य ठरवली. निकालाच्या पहिल्याच वाक्यात एआर-१५ची तुलना स्विस चाकूशी केली होती, म्हणून तो निकाल गाजला. वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली, कायदा चालूच राहिला. २ जून २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या अशाच बंदीचं प्रकरण ऐकायला नकार दिला, पण न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी लिहून ठेवलं की एकदोन सत्रांत हा प्रश्न हातात घ्यावाच लागेल.

मिल्पिटासकर

@चौकसबुद्धी, मॅगझिनची मर्यादा ही दिखाऊ गोष्ट नाही, आणि या एका मुद्द्यावर माझं रेंजवरच्या मित्रांशी पटत नाही. मॅगझिन बदलायला सरावलेल्या माणसाला दोनतीन सेकंद लागतात हे खरं आहे. पण जानेवारी २०११ मध्ये टूसानला खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याने ३३ गोळ्यांचं मॅगझिन रिकामं केलं, आणि ते बदलतानाच लोकांनी त्याला खाली पाडलं. सहा जण गेले होते, त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. दोनतीन सेकंदांना किंमत असते.

यातलाही किस्सा आहे. २९ मार्च २०१९ला बेनिटेझ यांनीच मॅगझिनची मर्यादा रद्द केली. ५ एप्रिलच्या संध्याकाळी पाचपासून पुन्हा स्थगिती. मधल्या आठवड्याला इथे 'फ्रीडम वीक' म्हणतात. दुकानांतला माल संपला, कुरियरच्या गाड्या कमी पडल्या. माझा एक सहकारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये खोकी मोजत उभा होता, दिवाळीची खरेदी केल्यासारखा चेहरा करून. आता ते लोक मॅगझिनच्या पावत्या फ्रेम करून लावतात, कारण त्या तारखेच्या असणं हाच मॅगझिन कायदेशीर असल्याचा पुरावा. पुढे मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मर्यादा वैध ठरवली. त्यात विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीश व्हॅनडाइक यांनी आपल्या दालनात पिस्तुलं हाताळून दाखवत व्हिडिओच केला. रेंजवर तो इतक्या वेळा दाखवला गेला की मला पाठ झालाय. न्यायाधीशाने स्वतःच साक्षीदार व्हायचं हे मला बरोबर वाटलं नाही, आणि तसं मी तिथे बोललो.

नेम_धरून

पुण्याहून. मी २० वर्षं .२२ची स्पर्धात्मक रायफल चालवते. स्वप्नील कुसळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तो प्रकार. त्या रायफलीचे फोटो बघा म्हणजे गंमत कळेल. सरळ खाली उतरणारी, पंजाच्या साच्यात घडवलेली मूठ. दस्त्याची लांबी मिलिमीटरने जुळवायची, गालाची पट्टी वरखाली, खांद्यात अडकवायचा हूक वेगळा. तुमच्या यादीतलं कितीतरी तिच्या अंगावर आहे! मूठ अशी असते कारण मनगट सरळ राहिलं तर चाप ओढताना नळी हलत नाही, बाकी काही नाही. पण ती एका वेळी एकच गोळी घेते, आणि .२२ची रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका पडून पेटणारी) आहे, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या त्या व्याख्येत येत नाही. ऑलिंपिक पिस्तुलांना तर त्या कायद्यात मुद्दाम सूट द्यावी लागली, कारण काहींचं मॅगझिन चापाच्या पुढे असतं आणि व्याख्येप्रमाणे ती भयंकर ठरत होती.

मूठ ही नेमासाठी असते हे म्हटल्यावर दोन्ही बाजूंनी उत्तर निघतं, हेही कबूल करते. नेम चांगला लागणं माझ्या हातात चांगलं आहे, त्या छतावरच्या माणसाच्या हातात नाही.

देवगडकर

अमेरिकेतलं मला कळत नाही, पण कायदा गोळीच्या मापावर बोट ठेवतो तेव्हा काय होतं ते आपल्याकडे १०० वर्षांपूर्वीच झालंय. ब्रिटिशांनी लष्कराची .३०३ लोकांना बंद ठेवली. मग बीएसए कंपनीने त्याच ली-एनफिल्डच्या बांधणीवर .३१५ची शिकारी रायफल हिंदुस्थानसाठी काढली. ती आजही आपल्या आयुध निर्माणीत होते, 'थ्री फिफ्टीन' म्हणून. .३०३ अजूनही बंद.

आमच्या घरात ठासणीची बंदूक आहे, आजोबांच्या नावावरची, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. एक नळी, गजाने दारू ठासायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे भरायचे, केप लावायची. पावसात केप दमट झाली की फुस्स. माकडं आवाजाला पळतात, पाच मिनिटांनी परत येतात. काजूच्या हंगामात दिवसाला दहाबारा बार काढावे लागतात. आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. गावात म्हणतात, आमच्या बंदुकीची इलेक्शन ड्युटी मास्तरांपेक्षा जास्त होते. एका वर्षी ऐन आंबा तयार असताना दीड महिना ठाण्यात पडून होती. बाबा रोज सकाळी पत्र्याचा डबा बडवत बागेत फिरायचे. परत आणली तेव्हा नळीला आतून गंज चढला होता. वडिलांनी खोबरेल लावून, सुतळीला फडकं बांधून दोन दिवस ती घासली, कुणाशी बोलले नाहीत.

ठासणीच्या बंदुकीने निवडणुकीत काय होणार हा आमचा प्रश्न, आणि तुमचा तो माशाचा पर. दोन्हीकडे चीड एकाच जातीची वाटली.

वकील_ठाणे

देवगडकर, तुमच्या वडिलांसाठी: सगळ्यांच्या बंदुका सरसकट जमा करून घेऊ नयेत, छाननी समिती नेमून प्रत्येक परवान्याचा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितलेलं आहे. समितीकडे लेखी अर्ज देता येतो. हंगाम, बागेचं क्षेत्र, आधी कुठलाही गुन्हा नाही, हे सगळं लिहून द्या. आचारसंहिता लागायच्या आधी कागद तयार ठेवा, नंतर धावपळ होते.

अवांतर: १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क होता. १८७८च्या शस्त्र कायद्याने लोकांना निःशस्त्र केल्याची ती जखम होती. राज्यघटनेत मात्र तो हक्क आला नाही, आणि १९५९चा कायदा परवान्याचाच राहिला. २०१९च्या दुरुस्तीने तर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका. अमेरिकेत हक्क आधी आणि बंधन नंतर, आपल्याकडे परवानगी आधी. म्हणून तिथले विनोद हक्काने केलेले वाटतात आणि आपल्याकडचे हळू आवाजात.

चौकसबुद्धी

मिल्पिटासकर, "आणखी एक गोष्ट" लिहायची राहिली.

मिल्पिटासकर

हो, ती लिहितो.

रेंजवरचा सगळ्यात लाडका विनोद म्हणजे "खांद्यावरची ती वर जाणारी वस्तू". टी-शर्टवर असतो, काडतुसांच्या डब्यावरच्या स्टिकरवर असतो. २००७ साली न्यू यॉर्कच्या खासदार कॅरोलिन मॅकार्थी यांनी बंदीचा नवा कायदा मांडला होता. टीव्हीवर मुलाखतकाराने विचारलं, तुमच्या यादीत 'बॅरल श्राउड' आहे, ते काय असतं? त्यांना सांगता येईना. पुन्हा पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, मला वाटतं, खांद्यावरची ती वर जाणारी वस्तू. श्राउड म्हणजे तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून वरून घातलेलं जाळीदार आवरण. खांद्याशी त्याचा संबंध नाही. झालं, तेव्हापासून ते वाक्य अजरामर. २०१४ साली आमच्याच राज्याचे सिनेटर केव्हिन डे लिओन "अर्ध्या सेकंदात ३० गोळ्या" म्हणाले, त्याचेही असेच स्टिकर आहेत. आणि लेलँड यी यांचं तर विचारूच नका. बुलेट बटन बंद करायला निघालेले सिनेटर, २०१४ मध्ये शस्त्रतस्करीच्या आरोपासह अटक, पुढे गुन्हा कबूल, पाच वर्षांची शिक्षा. त्यांच्यावर कितीही हसा, मी अडवणार नाही.

पण मॅकार्थी. ७ डिसेंबर १९९३, लाँग आयलंड रेल रोडची संध्याकाळची गाडी. एका माणसाने डब्यात पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. सहा जण गेले. त्यांत त्यांचे पती होते. मुलाच्या डोक्यात गोळी लागली, तो वाचला, पण पुढे वर्षानुवर्षं त्याला हालचाल नव्याने शिकावी लागली. त्या परिचारिका होत्या. राजकारणाशी संबंध नव्हता. त्यांच्या भागातल्या खासदाराने बंदीविरुद्ध मत दिलं म्हणून त्या १९९६ साली उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

ज्या कायद्यासाठी आपण लढतो त्यातला शब्द माहीत नसणं ही चूक आहे, मी ती झाकत नाही. पण हे सगळं मला विनोद पहिल्यांदा ऐकल्यावर चार वर्षांनी कळलं, कारण स्टिकरवर ते लिहिलेलं नसतं. तेव्हापासून मला त्या वाक्यावर हसता येत नाही.

परवा शनिवारी तो माशाच्या पर-वाला गृहस्थ पुन्हा शेजारीच होता. त्याच्या डब्यावर तेच स्टिकर. मी कानावरचे मफ काढले आणि त्याला त्या रेल्वेच्या डब्याबद्दल सांगितलं. एवढंच, बाकी काही नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला माहीत नव्हतं. मुलगा चालतो का आता?" मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं.

रेंजवरच्या मदतनिसाने तेवढ्यात नळ्या रिकाम्या करून मागे व्हायला सांगितलं. आम्ही लक्ष्याचे कागद बदलायला पुढे गेलो. परतताना त्याने स्टिकरचं एक टोक नखाने उचललं. जुनं होतं, निघालं नाही. त्याने डबा फिरवून ती बाजू भिंतीकडे केली आणि काडतुसं भरायला घेतली.

नेपरविलवासिनी

त्याला विचारा, पुढच्या वेळी मीही आले तर चालेल का. मार्चमध्ये सॅन होझेला बहिणीकडे येतेय. चालवायची नाही, फक्त बघायचं आहे आणि बोलायचं आहे.

मिल्पिटासकर

या. डोळ्यांचा चष्मा आणि कानांचे मफ माझ्याकडे जास्तीचे आहेत. गळा बंद असलेला शर्ट घाला, तापलेली रिकामी पुंगळी कॉलरमध्ये पडली तर भाजते. तारीख व्यक्तिगत निरोपातून कळवा.